साडेचारच्या आत जहाजावर

क्रूझवर रोज रात्री केबिनमध्ये उद्याचा कागद येतो. हवामान, जेवणाच्या वेळा, संध्याकाळचं नाचगाणं, कुठल्या दुकानात कशावर सूट, सगळं त्यात असतं. पण लोक आधी बघतात ती एकच ठळक ओळ: परत किती वाजता यायचं. माल्टाच्या कागदावर साडेचार होते. त्याखाली बारीक अक्षरात, ‘जहाजाच्या घड्याळाप्रमाणे’. ही बारीक अक्षरं आमच्या ह्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचली.

माझं विचाराल तर क्रूझवाल्यांसाठी व्हॅलेटासारखं शहर नाही. रोमचं म्हणून जे बंदर सांगतात तिथून रोम चांगलं दीड तास लांब, फ्लॉरेन्सचीही तीच कथा. निम्मा दिवस बसच्या खिडकीतच जातो. व्हॅलेटात जहाज थेट शहराच्या तटाखाली लागतं. माल्टाची राजधानी खरी, पण लांबी जेमतेम किलोमीटरभर आणि वस्ती पाच-सहा हजारांच्या आसपास. दोन मोठी जहाजं एकदम लागली तर गावकऱ्यांपेक्षा पाहुणे जास्त व्हायचे.

मात्र त्या दिवशी पहाटे उठायचा आळस करू नये. उजव्या हाताला सेंट एल्मोचा किल्ला, डाव्या हाताला रिकासोलीचा, आणि मधून आपलं एवढं धूड ग्रँड हार्बरमध्ये हळूहळू शिरतं. दोन्हीकडे पिवळसर दगडाचे तट, उन्हं आली की मधाच्या रंगाचे होतात. १५६५ साली ऑटोमन आरमाराने या बंदराला जवळजवळ चार महिने वेढा घातला होता. एल्मो पडला, पण बेट पडलं नाही. पुन्हा अशी वेळ नको म्हणून दुसऱ्याच वर्षी बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉन या ख्रिस्ती लढवय्या संघाच्या सरदारांनी या उघड्या टेकाडावर नवं शहर बांधायला घेतलं आणि त्याला आपल्या प्रमुखाचं, व्हॅलेटचं नाव दिलं. म्हणजे समुद्रातून येणाऱ्याला आत पाऊल ठेवता येऊ नये म्हणून वसवलेलं गाव हे. आता समुद्रातून येणाऱ्यांसाठी त्याच तटाला लिफ्ट लावली आहे. ५८ मीटर उंच, अर्ध्या मिनिटाच्या आत वर. खंदकातून थेट अप्पर बराका बागेत.

सगळेच उतरतात असं नाही. आमच्या टेबलावरच्या नागपूरच्या काकू नाश्त्यालाच म्हणाल्या, “तुम्ही या जाऊन. आज गरम पाण्याचा टब रिकामा असतो.” मला हे मुळीच चुकीचं वाटत नाही. पैसे दोन्हीचे भरलेले असतात.

शहराचे रस्ते सरळ रेघा मारल्यासारखे आखले आहेत, पण टेकाड काही सपाट झालेलं नाही. त्यामुळे कित्येक गल्ल्या म्हणजे नुसत्या पायऱ्या. दोन्ही बाजूंना लाकडी बंदिस्त सज्जे, हिरवे, लाल, निळे, आणि बऱ्याच गल्ल्यांच्या टोकाला समुद्र. गुडघ्यांची तक्रार असणाऱ्यांनी माथ्यावरच्या रिपब्लिक स्ट्रीटवरच राहावं. १८७८ साली रशियाला धाक दाखवायला ब्रिटिश पंतप्रधान डिझरायलीच्या सरकारने सुमारे सात हजार हिंदी सैनिक माल्टाला आणले होते. ते मुंबईहून निघाले, सुएझ कालवा उघडून तेव्हा नऊच वर्षं झाली होती. मुंबई इलाख्याच्या पलटणीही त्यांत होत्या. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना या पायऱ्या जड गेल्या नसाव्यात. मला गेल्या.

वेळ थोडा असेल तर एकच जागा निवडावी, सेंट जॉनचं को-कॅथीड्रल, सरदारांचं मोठं चर्च. बाहेरून किल्ल्याच्या कोठारासारखं रुक्ष. आत शिरलं की इंचभर भिंत मोकळी सापडत नाही, सगळीकडे कोरीवकाम आणि सोन्याचा मुलामा. जमीन म्हणजे जवळजवळ चारशे सरदारांच्या थडग्यांच्या रंगीत संगमरवरी फरश्या, त्यांवर सांगाडे, कवट्या, वाळूची घड्याळं. टोकदार टाचेचे बूट घालून इथे चालू देत नाहीत, फरशीला टोचे पडतात म्हणून. माझ्या पुढची झुळझुळीत झग्यातली बाई सपाट चपला घालून निमूट चालत होती, एका सांगाड्याच्या बरगड्यांवरून.

बाजूच्या दालनात काराव्हाज्योचं चित्र आहे, १६०८ सालचं, संत जॉनच्या शिरच्छेदाचं. पाच मीटरहून रुंद. निम्म्याहून अधिक चित्र नुसता अंधार, आणि खाली मानेतून वाहिलेल्या रक्तात त्याने आपलं नाव लिहिलंय. त्याने सही केलेलं हे एकच चित्र. या चित्रकाराला सेंट जॉनच्या संघाने सरदारकी दिली, मग मारामारीबद्दल कैदेत टाकलं, तो पळाला, आणि त्याच वर्षी याच दालनात, याच चित्रासमोर सभा भरवून त्याला सडका अवयव म्हणून काढून टाकलं. चित्र मात्र ठेवून घेतलं. मी बाकावर बसले ती उठेचना. ह्यांनी मनगट पुढे केलं.

बाहेर आलो तर भूक. पास्तित्सी हा इथला खरा रस्त्यावरचा पदार्थ. आत रिकोटा चीज नाहीतर वाटाण्याचं सारण, म्हणजे सारण तरी शाकाहारी. वरचे पापुद्रे आपल्या खारीसारखे, तोंडाजवळ नेताच निम्मे कपड्यांवर. सोबत किन्नी नावाचं कडवट संत्र्याचं पेय मिळतं. एकदा घेऊन पाहायला हरकत नाही.

दुसरा घास तोंडात असताना धडाम् झालं. कबुतरं उडाली, मी दचकले, दुकानदार ढिम्म. बराकाखालच्या तोफा रोज बाराला आणि चारला उडवतात. पूर्वी बंदरातली जहाजं या बाराच्या तोफेवर आपली घड्याळं लावून घेत. ह्यांनीही लगेच ताडून पाहिलं आणि म्हणाले, “आपल्याकडे साडेतीन. भांड्यांची बाई आली असेल.”

घड्याळांचा या बेटाला नादच आहे. अनेक चर्चवर दोन घड्याळं असतात आणि त्यांतलं एक चुकीची वेळ दाखवतं. सैतानाला प्रार्थनेची खरी वेळ कळू नये म्हणून, असं लोक सांगतात. मी ते ह्यांना सांगितलं. “आपल्याला साडेचारचंच बघायचं,” ते म्हणाले.

चारची तोफ आम्ही धक्क्यावरून ऐकली, सुरक्षा तपासणीच्या रांगेत. डेकवर आलो तर कठड्यालगतच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या. उशिरा येणारे कसे पळतात हे बघायला लोक अर्धा तास आधी जागा धरून बसतात. काकूंनी दोन खुर्च्यांवर टॉवेल टाकून ठेवले होते. साडेचारला पाच मिनिटं असताना खाली एक जोडपं धावत निघालं, त्याच्या हातात पिशव्या, तिच्या हातात सँडल. वरून टाळ्या सुरू झाल्या. “काल याहून बरे होते,” काकू म्हणाल्या, “तिघं होते आणि एकाची टोपी उडाली.”