उभ्या गाडीचे ब्रेक

गाडी कमी चालवली की जास्त टिकते, असं ज्यांना वाटतं त्यांनी जुन्या प्रीमियर पद्मिनीचा एखादा व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर, उघडून पाहावा. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी तशी कणखर. पण पावसाळाभर कव्हरखाली उभी राहिली की सगळ्यांत आधी रुसतात ते ब्रेक.

दोष ब्रेक ऑइलचा. उघड्या मिठाला पाणी सुटतं, तसं हेही हवेतला ओलावा ओढत राहतं, अगदी रबरी होजमधूनसुद्धा. मग सिलिंडर आतून गंजतो, खड्डे पडतात, त्यावर घासून ऑइल अडवणारा रबरी कप कापला जातो आणि एक दिवस टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसते. आमच्या गाडीत चारही चाकांना मिळून ऑइलचं एकच सर्किट. एका चाकाची गळती म्हणजे चारही चाकांचा कारभार आटोपला!

न गळताही ते दगा देतं. ताजं डॉट थ्री प्रतीचं ब्रेक ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की १४० लाच उकळू शकतं. बोरघाट उतरताना ड्रम तापतात, पाण्याची वाफ होते, ऑइल दबत नाही पण वाफ दबते आणि पेडल सरळ तळाला जातं. रॅलीत क्रोम चमकवून आणणाऱ्यांचं कौतुक मी जरा हात राखूनच करतो. आधी बॉनेट उघडून डबीतलं ब्रेक ऑइल काळपट आहे का ते बघतो.

दोन वर्षांनी ते बदलावंच. हे काम एकट्याचं नाही. मी चाकापाशी निपलला, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर सोडायच्या तोटीला, नळी लावून आडवा, सौ. स्टिअरिंगमागे. पेडलने ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यांत लांबचं चाक आधी.

"दाब... दाब... आता धर!"

मी निपल ढिला करतो, बाटलीत बुडबुडे येतात, निपल आवळतो.

"सोड."

हे उलटं झालं, निपल आवळण्याआधीच पाय सुटला, तर हवा परत आत. मधेच डबी भरायची. ती रिकामी झाली की सगळं पहिल्यापासून. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी, नाहीतर रंग सोलला जातो. बुडबुडे थांबले, पेडल कडक लागलं की चक्कर फक्त सोसायटीच्या आवारात, तीही हँडब्रेकवर हात ठेवून.

"अहो, लग्नात एवढं लक्ष देऊन ऐकलं नव्हतंत माझं," असं सौ. तिसऱ्या चाकाला म्हणाली. मला तेव्हा बुडबुडे बघायचे होते.