सॅन होजेतील पाणीकपातीची सक्ती उठली
कॅलिफोर्नियातील सॅन होजे आणि आसपासच्या सांता क्लारा काउंटीचा पाणीपुरवठा सांभाळणाऱ्या व्हॅली वॉटर या संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये कपातीची सक्ती मागे घेतली. २०१९ च्या तुलनेत १५ टक्के बचतीचे जे बंधन दुष्काळामुळे जून २०२१ पासून होते, ते तेव्हा नागरिकांच्या स्वेच्छेवर सोपवण्यात आले. त्याआधीच्या हिवाळ्यात एकामागून एक वादळे आली आणि सिएरा नेवाडा पर्वतरांगेत भरपूर बर्फ साचले, त्यामुळे निर्णय अपेक्षितच होता.

आज संध्याकाळी मात्र शेजारच्या गल्लीत हिरवळीवरचे फवारे इतके जोरात सुरू होते की पाणी पदपथ ओलांडून गटाराला मिळत होते. काउंटीतील सर्वांत मोठे अँडरसन धरण भूकंपसुरक्षेच्या कामासाठी २०२० पासून जवळजवळ रिकामे ठेवले आहे, तेव्हा कितीही पाऊस झाला तरी ते भरता येत नाही. शिवाय भूजलाच्या बेसुमार उपशामुळे विसाव्या शतकात याच शहराचा मध्यभाग सुमारे १३ फूट खचला होता, हे इथल्या कितीजणांना ठाऊक असेल कोण जाणे.

आमच्याकडे शॉवरचे पाणी तापेपर्यंत खाली लावायची बादली अजून तशीच आहे, आणि ते गार पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला जाते. लातूरहून आलेल्या सासूबाईंना याचे नवल नाही, कारण २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी त्यांनी वापरले आहे. नळाला दिवसभर पाणी असताना हा दुष्काळ कसला, एवढेच त्या विचारतात.