लग्नाला नाही, जहाजभाड्याला होय

जर्मनीत जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सर्वत्र सुरू झाली ती १ जानेवारी १८७६ पासून. त्याआधीचा माणूस शोधायचा असेल, तर बहुतेक ठिकाणी गावच्या चर्चची नोंदवही उघडण्यावाचून गत्यंतर नसते. स्टुटगार्टजवळ राहून मी हेच काम करते. अमेरिकेतल्या, क्वचित ऑस्ट्रेलियातल्या कुटुंबांसाठी व्युर्टेम्बर्ग या नैऋत्य जर्मनीतल्या जुन्या राज्याच्या खेड्यांतील वह्या वाचायच्या, नोंदी उतरवून काढायच्या आणि त्यांचा अर्थ लावून अहवाल पाठवायचा. पुण्यात असताना मोडी वाचायला शिकले होते, त्यामुळे कुरेंट या जुन्या जर्मन वळणाची फारशी धास्ती वाटली नाही. तरीही त्या वळणात ‘ई’ आणि ‘एन’ या दोन्ही अक्षरांना जवळजवळ सारखेच दोन उभे फटकारे असतात, आणि ‘यू’च्या डोक्यावरची कोर पाद्रीबुवांनी घाईत गाळली की तेही ‘एन’सारखेच दिसू लागते. त्यामुळे एखाद्या आडनावावर सकाळ खर्ची पडणे हे नित्याचेच आहे.

कामे आणणाऱ्यांच्या अपेक्षा साधारण ठरलेल्या असतात. कोणाला जर्मन पासपोर्ट हवा असतो. त्यांना सुरुवातीलाच सांगावे लागते की १८७०च्या कायद्यानुसार दहा वर्षे सलग परदेशात राहिलेल्या आणि वकिलातीच्या यादीत नाव न घातलेल्या माणसाचे नागरिकत्व आपोआप संपत असे, आणि ही तरतूद १९१४ पर्यंत लागू होती; म्हणून एकोणिसाव्या शतकात गेलेल्या पूर्वजाच्या आधारे आज सहसा काहीही मिळत नाही. कोणाला घराण्यात एखादा सरदार निघावा असे वाटते. मिशिगनच्या ज्या निवृत्त शिक्षिकाबाईंचे हे प्रकरण आहे, त्यांना यांपैकी काही नको होते. त्यांच्या घरात एक कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जात होती, की खापरपणजोबा १८४८च्या क्रांतीत सामील झाले, सैनिक मागावर आले आणि ते बायकामुलांसह अमेरिकेला निसटले. ही कथा खरी आहे का, आणि त्यांचे गाव कोणते, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

गावाचे नाव सापडल्याशिवाय जर्मनीत शोध सुरूच होत नाही, कारण जुन्या वह्या राज्याच्या किंवा जिल्ह्याच्या नसून एकेका चर्चच्या असतात. अमेरिकेच्या जनगणनेत या कुटुंबापुढे नुसते ‘व्युर्टेम्बर्ग’ लिहिलेले होते आणि थडग्यावरही तेवढेच होते. अशा वेळी मी जर्मनीकडे न वळता आधी अमेरिकेतल्या जर्मन मंडळींची, म्हणजे चर्चच्या समुदायांची, दप्तरे तपासायला सांगते. तिथले सरकारी कारकून ‘जर्मनी’ किंवा राज्याचे नाव लिहून मोकळे होत, पण जर्मन पाद्री मात्र माणसाचे नेमके गाव विचारून घेत असे, आणि तो स्वतः त्याच मुलखातला असला तर ते नाव शुद्धही लिहीत असे. अ‍ॅन आर्बर या मिशिगनमधल्या शहराच्या परिसरात हे विशेष जमते. तिथे श्वाबी, म्हणजे व्युर्टेम्बर्गकडच्या, शेतकऱ्यांची वस्ती दाट होती आणि १८३३ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या मिशन-शाळेत शिकलेला फ्रीड्रिश श्मिड हा व्युर्टेम्बर्गचाच पाद्री तिथे येऊन पोहोचला होता. त्याच बासेल मिशनची माणसे पुढच्या वर्षी मंगळुरूला उतरली, नंतर धारवाडकडे गेली. कोकणातल्या घरांवर चढलेली मंगलोरी कौले ही त्यांच्याच कारखान्यातून सुरू झालेली वस्तू. या मिशनऱ्यांतले पुष्कळजण मी रोज ज्या गावांच्या वह्या वाचते त्यांसारख्याच गावांतून निघाले होते, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

बाईंनी तिथल्या एका मंडळीच्या दफनवहीतले पान मिळवून पाठवले. त्यात त्यांच्या पणजोबांची जन्मतारीख होती आणि श्वेबिश आल्ब या पठारावरच्या, म्युन्झिंगनकडच्या एका लहानशा गावाचे नाव होते. गावाचे नाव मी इथे देत नाही, कारण त्या आडनावाची कुटुंबे अजून तिथे राहतात. हा उंचावरचा, चुनखडीचा, पाणी न ठरणारा मुलूख. शेती तुटपुंजी आणि जोडीला घरोघरी तागाचे हातमाग.

प्रॉटेस्टंट चर्चच्या वह्यांच्या प्रतिमा आर्खिओन या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. त्या दिवशी सकाळी मी त्या गावची १८४०च्या दशकातली बाप्तिस्म्याची वही उघडली. या काळात व्युर्टेम्बर्गमध्ये छापील रकान्यांच्या वह्या आल्या होत्या, त्यामुळे वाचन तुलनेने सोपे असते. परंतु त्या आडनावाचे मूल त्या वर्षी, मागच्या वर्षी किंवा पुढच्या वर्षी जन्मलेले दिसेना. तेव्हा सूची बाजूला ठेवून मी तारखेने पाहू लागले. दिवस तोच, महिना तोच, साल तेच, मुलाचे नाव योहान्नेस हेही तेच, आडनाव मात्र भलतेच. आईच्या रकान्यात एका विणकराच्या अविवाहित मुलीचे नाव होते, तिचेच आडनाव मुलाला लावले होते, आणि बापाच्या रकान्यात आडवी रेघ मारून तिच्याखाली बारीक अक्षरांत लिहिले होते की अमुक गावचा विणकर व मजूर अमुक याने आपण बाप असल्याचे कबूल केले आहे. मिशिगनमधले आडनाव त्या मजुराचे होते.

अनौरस मूल म्हटले की वंशावळ काढणाऱ्यांची कल्पनाशक्ती धावू लागते. कोणी जमीनदार शोधतो, कोणी पाद्री, तर कोणी छावणीतला अधिकारी. मला या प्रकाराचा मनस्वी कंटाळा आहे. अशा वेळी पुढची वही उघडावी, एवढाच माझा नियम. व्युर्टेम्बर्गात १८०८ पासून प्रत्येक चर्चमध्ये कुटुंबवही ठेवलेली असते. तिच्यात एका जोडप्याला एक पान दिलेले असते आणि त्यांची मुले जन्म, विवाह, मृत्यू यांच्या तारखांसह एकाखाली एक मांडलेली असतात. या मुलीला स्वतःचे पान नव्हते. तिच्या बापाच्या पानावर, तिच्या नावाखाली दाटीवाटीने तीन मुले लिहिलेली होती आणि तिन्ही अनौरस होती. बाप्तिस्म्याच्या वहीत परत जाऊन पाहिले, तर तिन्ही वेळा त्याच मजुराने पितृत्व कबूल केलेले होते. जामीन-माता आणि जामीन-पिता, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाची धर्मजबाबदारी घेणारे, म्हणून तिन्ही वेळा तीच माणसे उभी होती, आणि त्यांत त्या मजुराची सख्खी बहीण होती. म्हणजे लपवाछपवी कसलीच नव्हती. दोन्ही घरांना आणि सगळ्या गावाला ते ठाऊक होते. शेवटी तिघा मुलांच्या आणि आईच्या नावांना जोडणारा एक महिरपी कंस होता आणि त्यापुढे पाद्रीने ‘१८५४, अमेरिकेस’ असे लिहिले होते.

एकच पुरुष, एकच स्त्री, तीन मुले आणि लग्न नाही, हे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर या मुलखात वारंवार भेटते, आणि त्याचे कारण चर्चमध्ये नसून गावच्या कचेरीत असते. कोणी निराधार झाला तर त्याला पोसण्याची जबाबदारी ज्या गावचा तो हक्कदार रहिवासी असेल त्या गावावर होती. साहजिकच गरिबांची लग्ने होऊन गावावर भार वाढू नये, अशी गावकीची धडपड असे. १८३३च्या कायद्याने लग्नाआधी पुरेशा उपजीविकेचा पुरावा मागण्याचा अधिकार गावाला मिळाला आणि १८५२ साली तो आणखी कडक करण्यात आला. जर्मन साम्राज्य स्थापन झाल्यावरच हे निर्बंध व्युर्टेम्बर्गातून गेले. तोवर पुरावा द्यायचा तो कशाचा? या मुलखात जमीन सगळ्या मुलांत, मुलींतसुद्धा, सारखी वाटली जाई. सातबाऱ्यावर भावकीची नावे वाढत जावीत आणि वाट्याला गुंठे यावेत, तशीच ही गत होती. त्यात बटाट्यावरचा रोग १८४५ नंतर आला, १८५०च्या सुमारास पिके पुन्हा बुडाली आणि यंत्रावरच्या कापडापुढे हातमागाचा ताग टिकेना.

ही माझी अटकळ होती. कागद हाती नव्हता. चर्चची वही परवानगी नाकारल्याची नोंद ठेवत नाही, कारण जे लग्न झालेच नाही ते तिच्यापुरते अस्तित्वातच नसते. त्या गावच्या सभेची इतिवृत्ते सुदैवाने शाबूत होती आणि जिल्हा अभिलेखपालांमार्फत आधीच वेळ ठरवलेली असल्यामुळे दुपारी मी गावच्या कचेरीत पोहोचले. तिथल्या लिपिकबाईंनी तळघरातून चामडी पाठीचे दोन जाड खंड आणून टेबलावर ठेवले. कडांना उंदरांनी कुरतडले होते, पण शाई ठणठणीत होती. गावलेखकाचे अक्षर पाद्रीच्या अक्षरापेक्षा वाईट असते हा नेहमीचा अनुभव याही वेळी आला. पाद्री विद्यापीठात शिकलेला असे, तर लेखकाला फक्त लिहून संपवायचे असे.

थोरल्या मुलाच्या जन्माआधी काही महिने त्या मजुराने लग्नाच्या परवानगीसाठी अर्ज केला होता. सभेने त्याच्या मालमत्तेची यादीच उतरवून घेतली होती. एक माग, अंथरूण, कपडे, थोडीशी बचत, आणि तिच्या बाजूने वारशाने येऊ शकणारी शेताची एक पट्टी. खाली निर्णय होता की एवढ्यावर कुटुंब पोसले जाणार नाही, सबब परवानगी नाही. दुसऱ्या मुलानंतर त्याने पुन्हा अर्ज केला. तोही फेटाळला गेला, आणि या खेपेस आधीच दोन अनौरस मुले असल्याचा उल्लेख त्याच्या विरोधात करण्यात आला. म्हणजे पहिल्या नकारातून जे घडले तेच दुसऱ्या नकाराचे कारण ठरले. ते वाक्य मी दोनदा वाचले आणि मग लिपिकबाईंनाही मोठ्याने वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, “आमच्या आजीच्या घरातही असेच काहीतरी होते म्हणतात, पण कोणी बोलत नसे.”

दुसऱ्या खंडात १८५४चा ठराव होता. त्याच सभेने, जिला या दोघांचे लग्न परवडत नव्हते, त्या पाचही जणांचा अमेरिकेपर्यंतचा खर्च गावच्या तिजोरीतून मंजूर केला होता. फ्रान्सच्या ल हाव्र बंदरापर्यंतचा प्रवास, जहाजाचे भाडे आणि मुलांचे बूट-कपडे अशी कलमे वेगवेगळी मांडली होती. अट एकच होती, की सर्वांनी गावचा रहिवासहक्क कायमचा सोडावा. मागे देणी राहिलीच तर त्यांसाठी वर्षभराचा जामीनदार द्यावा लागे. तो म्हणून मजुराच्या मेहुण्याचे नाव होते. ठरावात दयेचा किंवा रागाचा एकही शब्द नाही. या कुटुंबाला अनेक वर्षे सांभाळण्यापेक्षा एकदाच पाठवणे स्वस्त पडेल, असा हिशेब मात्र स्वच्छ लिहिलेला आहे. त्या वर्षी दोन लाखांहून अधिक जर्मन माणसे अमेरिकेत उतरली, आणि त्यांतली किती याच पद्धतीने गावाच्या खर्चाने घालवली गेली असतील, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. बाप्तिस्म्याच्या वहीतला अनौरसाचा शेरा त्या जोडप्याच्या वर्तनाविषयी काहीच सांगत नाही. तो गावच्या जमाखर्चाचा शेरा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि अहवालातही मी तसेच लिहिले.

एक दुवा अजून बाकी होता. पोहोचल्यावर त्यांनी लग्न केले का? त्याच रात्री बाईंना कळवून मिशिगनच्या त्या मंडळीची विवाहवही पाहायला सांगितली. दफनाचे पान ज्या दप्तरातून आले होते, त्याच दप्तरात जहाज पोहोचल्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात दोघांचे लग्न लागलेले होते. तिथे त्यांना उपजीविकेचा दाखला कोणी मागितला नव्हता. मुलांनी बापाचे आडनाव लावले ते तेव्हापासून.

क्रांतीची कथा गेली हे बाईंना सांगणे मला थोडे जड वाटत होते. त्यांचे उत्तर आले त्यात मात्र क्रांतीचा उल्लेखही नव्हता. दोनदा अर्ज फेटाळला गेल्यावरही तो माणूस तिला सोडून गेला नाही, हे आपल्या नातवंडांना सांगायला अधिक चांगले आहे, असे त्यांनी लिहिले होते. त्यांच्या भावाला हे पटलेले नाही. कबुलीच्या नोंदीवर त्याचा विश्वास नाही आणि त्याला डीएनए चाचणी हवी आहे. वंशवृक्षात कोणते आडनाव घालायचे असे बाईंनी विचारले, तेव्हा दोन्ही आडनावे तारखांसह ठेवा आणि चर्च, गावसभा व मिशिगन अशी तिन्ही पाने जोडा, असे मी सुचवले. आता त्यांनी बापाच्या बाजूचे काम दिले आहे. त्याचे घराणे मूळचे शेजारच्या गावचे, आणि त्या गावच्या वह्या तीस वर्षांच्या युद्धानंतर, १६५०च्या सुमारास सुरू होतात. १६३४च्या न्योर्डलिंगनच्या लढाईनंतर सैन्याने हा मुलूख लुटला, त्यात आधीच्या कितीतरी गावांच्या वह्या जळाल्या. त्यामागचे काही मिळाले तर ते कर-याद्यांतून मिळेल, आणि त्यांसाठी स्टुटगार्टच्या राज्य अभिलेखागारात जावे लागेल, हे मी त्यांना आधीच कळवून ठेवले आहे.