मिठीकाठच्या रानाखालची माती

धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी असलेल्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानात मी दर पावसाळ्यात एकदा तरी जाते. सुमारे ३७ एकरांच्या या जागेवर १९७७ पर्यंत मुंबईचा कचरा टाकला जात असे, हे तिथल्या दाट झाडीत उभे राहिल्यावर खरे वाटत नाही. येणाऱ्यांचे लक्ष झाडांकडे आणि पाखरांकडे जाते; मला मात्र पायाखालचा पाचोळा बाजूला सारून पाहण्याची ओढ असते.

कचऱ्याच्या ढिगात खोलवर, जिथे प्राणवायू पोहोचत नाही, तिथे जिवाणू मिथेन तयार करतात. तो मुळांभोवतालची हवा हुसकावून लावतो आणि कोवळे रोप गुदमरते. अशा ढिगावर माती पसरली, की तिच्यात मिथेनवरच जगणारे दुसरे जिवाणू वाढू लागतात आणि वर येणाऱ्या वायूचा काही भाग वाटेतच संपवतात. शेंगा धरणाऱ्या बहुतेक झाडांच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम नावाचा जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतो, म्हणजे झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतो. मुळांशी जोडून राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीचे तंतू तर मुळांना शिरता येणार नाही इतक्या बारीक फटींतून स्फुरद आणि पाणी आणतात, मोबदल्यात झाडाने बनवलेली साखर घेतात, आणि हे करताना मातीचे कण बांधून ठेवतात, म्हणून पाणी मुरायला व हवा खेळायला जागा उरते.

शहरातल्या वृक्षारोपणात रोपांची संख्या मोजली जाते, खड्ड्यातल्या मातीची चौकशी कोणी करत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. बांधकामाच्या राडारोड्यावर जिवाणूखताची बाटली ओतून काही साधत नाही; त्या जिवांना खायला पाचोळा, ओल आणि तुडवली न जाणारी जमीन लागते. आपण मात्र खोडापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतो आणि पाने झाडून जाळतो.

आमच्या सोसायटीत सोनमोहोराखालची पाने तशीच राहू द्यावीत, हे पटवायला मला दोन वर्षे लागली. यंदा जूनमध्ये तिथला ओला थर उचलून पाहिला, तेव्हा पानांच्या शिरांवर पांढऱ्या तंतूंचे जाळे पसरलेले होते. ती होती पाने कुजवणारी बुरशी. मायकोरायझाचे तंतू नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. थराखालची माती मात्र बोटांनी सहज उकरता येत होती.