दारातला सलाम

बाहेरच्यांना वाटतं पाळकाचं रविवारचं काम म्हणजे उपदेश. उपदेश शनिवारी रात्रीच होऊन गेलेला असतो. रविवारी सकाळी माझी खरी धावपळ वेगळीच असते. इन्व्हर्टर चार्ज आहे का, ढोलकीवाला आला का, प्रभुभोजनाचा द्राक्षरस आंबला तर नाही ना, आणि कोणाचं कोणाशी बांधावरून बोलणं बंद आहे. आणि मग दार. साडेनऊपासून मी दारात उभा असतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात चर्च लहान आहे, पुढे चाळीसेक खुर्च्या आणि मागे सतरंज्या.

दाराच्या बाबतीत मी हट्टी आहे, कारण आमच्या विदर्भात नमस्कारालाही आडनाव असतं. पानटपरीवर माणसानं तोंड उघडलं की कळतं. 'जय भीम', 'जय सेवा', 'जय गुरु', 'दंडवत प्रणाम', प्रत्येकाचं घर वेगळं. आमचे म्हातारे एकमेकांना 'सलाम' म्हणत. तो बायबलातला शब्द आहे. रोमकरांस पत्राच्या 16 व्या अध्यायात प्रेषित पौल वीस-पंचवीस माणसांची नावं घेऊन त्यांना सलाम सांगतो. हिब्रू 'शालोम'चा तो सख्खा भाऊ. माझ्या पिढीनं तो सोडला, कारण एसटीत 'सलाम' म्हटलं की लोक वळून पाहायचे. मग 'जय ख्रिस्त' आलं. आता पोरं 'प्रेज द लॉर्ड' म्हणतात, तेही माईकवरून तीनदा. 'आवाज नाही आला, पुन्हा एकदा!' हे ऐकलं की मला लग्नातला बँडवाला आठवतो.

म्हणून उपासनेची सुरुवात मी कोणाला करू देत नाही. 'हॅलो, टेस्टिंग' नाही, 'गुड मॉर्निंग' नाही. मी उभा राहतो, सतरंज्यांवरच्या शेवटच्या माणसापर्यंत एकदा पाहतो आणि म्हणतो, 'तुम्हांला कृपा व शांती असो.' पौलाच्या काळात ग्रीक पत्राची सुरुवात 'खायरेन' या शब्दानं व्हायची, म्हणजे आपल्या 'सप्रेम नमस्कार'सारखं. पौलानं त्याच्या जागी 'खारिस', म्हणजे कृपा, हा शब्द घातला आणि शेजारी आपल्या यहुदी लोकांची शांती ठेवली. दोन घरचे दोन नमस्कार एका ओळीत. सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या कॉलेजात, हे ऐकलं तेव्हा मी वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. आमच्या सरांचं शिक्षण याच सेमिनरीत, ती यवतमाळात असताना झालं होतं; 1983 मध्ये ती पुण्याला गेली. आम्हाला ते पुण्यात बसून वऱ्हाडीत ओरडायचे.

एवढं सगळं येत असून त्या रविवारी मी काय केलं ते सांगतो.

नोव्हेंबर होता, कापसाची वेचणी भरात. वेचणीत आमची अर्धी मंडळी उशिरा येते. सकाळचं दव उडेपर्यंत घरचं आवरायचं, मग वावर, मग चर्च. दारात एक मावशी आली. साठीची असेल. कमरेला वेचणीचं फडकं तसंच बांधलेलं, त्याला पऱ्हाटीची वाळलेली पानं चिकटलेली, बोटांची पेरं बोंडाच्या टोकांनी ओरबाडलेली. आमच्यातल्या एकीबरोबर ती त्याच वावरात वेचायची. आमच्या त्या बाईनंच हिला बोलावलं होतं, पण ती स्वतः अजून यायची होती.

मावशी हात जोडून म्हणाली, 'जय भीम, बाप्पा.'

माझा हात आधीच पुढे गेला होता, शेकहँडला. बाईमाणसापुढे! ती हाताकडे पाहत राहिली. आणि माझ्या तोंडून आलं, 'जय ख्रिस्त.'

हे लिहिताना अजून लाज वाटते, त्याला कारण आहे. माझ्या आजोबांचे सख्खे भाऊ 1956 च्या दीक्षेला नागपूरला गेले होते; आजोबा मिशनमध्येच राहिले. आमच्या घरात लग्नाकार्याला दोन्ही नमस्कार होतात आणि कोणाला काही वाटत नाही. बाजारात चुलतभाऊ भेटला की मीच आधी 'जय भीम' म्हणतो. दारात का नाही म्हणालो? कारण शेजारी आमच्या चर्चचे वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ कारभारी, उभे होते, वही घेऊन.

त्यांनी लगेच सुधारणा केली. 'मावशी, इथं जय ख्रिस्त म्हना लागते.'

'बरं बाप्पा,' ती म्हणाली आणि दाराजवळ चपलांच्या शेजारी बसली. पुढे खुर्च्या रिकाम्या होत्या. याकोबाच्या पत्रात सोन्याची अंगठीवाला आणि मळकट कपड्यांतला गरीब एकाच वेळी सभेत येतात, तो भाग मी त्याआधीच्याच महिन्यात समजावून सांगितला होता. लोक म्हणाले होते, फार छान झाला.

आता त्या वहीबद्दल. नाव, गाव, मोबाइल, असे रकाने. नवा माणूस आला की लिहून घ्यायचं, मग गाण्यांनंतर त्याला उभं करून परिचय द्यायला लावायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. कुठल्यातरी शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये कोणीतरी पाहिलं आणि आमच्याकडे आणलं. कमिटीत मी विरोध केला होता. 1950 च्या आदेशानं ख्रिस्ती माणसाला अनुसूचित जातीत जागा नाही. बौद्धांना 1990 मध्ये मिळाली. ज्याच्या नातवाचं जातीचं सर्टिफिकेट तहसीलमध्ये अडकलंय, त्याला आपण आल्या आल्या विचारतो, नाव लिहा, उभे राहा. नुसतं प्रार्थनेला आलेल्या माणसाचं नाव चर्चच्या वहीत कशाला, उद्या कोणी त्याला ख्रिस्ती ठरवलं तर? मतदान झालं, मी हरलो.

तिला उभं केलं. ती उठली, पदर सावरला.

'नाव सांगा, मावशी.'

ती कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाली, 'मी इथलीच, बाजूच्या वावरातली.' टाळ्या वाजल्या. ढोलकीवाल्यानं उत्साहात एक थापही मारली. ती बसली नाही, उभीच राहिली. बसा म्हणून कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला हवं होतं. मी चष्मा पुसत होतो.

अर्पणाचं गाणं सुरू झालं तेव्हा चपलांजवळची जागा रिकामी होती. तिला बोलावणारी बाई त्यानंतर दहा मिनिटांनी आली. सतरंज्यांवरून नजर फिरवून तिनं मला खुणेनंच विचारलं, कुठं आहे? मी आशीर्वचनाचं पान काढत होतो. ते मला पाठ आहे.

बुधवारी मी वावरात गेलो. जाताना डोक्यात बायबलातला शेतमालक बवाज होता. रूथच्या पुस्तकात तो कापणी करणाऱ्यांना आधी स्वतः नमस्कार करतो, 'परमेश्वर तुमच्याबरोबर असो,' आणि ते उलट आशीर्वाद देतात. मालकानं मजुरांना आधी नमस्कार करायचा! मोटारसायकलवर ते वाक्य मी दोनदा म्हणूनही पाहिलं. बांधावर पोचलो आणि ते तोंडातच राहिलं. सातआठ बाया पऱ्हाटीत वाकलेल्या, कोणी वर पाहत नव्हतं. वेचणी किलोवर असते. मान वर केली की पैसे कमी.

'काय मावशी, किती झाला आज?' एवढंच निघालं.

'झाला असंन पंधरा किलो,' ती म्हणाली. मग ओळखलं. कंबर धरून सरळ झाली, हात जोडले. 'जय भीम, बाप्पा.'

'जय भीम, मावशी.'

शेजारच्या ओळीतल्या आमच्या बाईनं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मावशीनं फडक्यातला कापूस दाबून बसवला.

'तुमच्यातले लोक टाळ्या लय वाजवते बाप्पा,' ती म्हणाली. 'मले वाटलं, माह्याकून काई चुकलं.'

पुन्हा या, असं मी म्हणालो नाही. धुऱ्यावरच्या मडक्यातलं पाणी मागितलं, प्यायलो आणि निघालो.

संध्याकाळी चर्चच्या त्या वहीवाल्या वडिलांचा फोन आला. 'साहेब, तुमी वावरात जय भीम म्हनले म्हने?' मी हो म्हणालो. शनिवारी कमिटीची मीटिंग आहे. विषयपत्रिकेत तिसरा विषय वहीचा आहे, तो मीच घातलाय. त्याच्याखाली कोणीतरी पेनानं चौथा वाढवलाय: 'पाळकसाहेबांचा नमस्कार'.