मुलांसोबत चोडण: पक्षी कमी, चिखल जास्त

गोव्यात मुलांना बोटीतून फिरवायचंय असं कोणालाही विचारा, लगेच डॉल्फिन ट्रिप सांगतात. ती वाईट नाही, पण बोटभर माणसं "ते बघ ते बघ" ओरडत असतात आणि लहान पोरांची नजर तिकडे वळेपर्यंत डॉल्फिन परत पाण्यात. त्यापेक्षा चोडणला जा. मांडवीतलं बेट आहे, पणजीपासून जवळ, रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोट मिळते, गाडीसकट पलीकडे जाता येतं, आणि बेटाच्या पश्चिम टोकाला सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आहे, १९८८ पासूनचं. जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटर, जवळजवळ सगळी खारफुटी. आम्ही छोटी होडी ठरवून खाडीच्या फाट्यांतून फिरलो.

जायचा दिवस मात्र कॅलेंडर बघून ठरवा. कोकणातला जुना हिशोब आहे ना, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, तोच. म्हणजे अष्टमीला साधारण सहाला भरती आणि मग दुपारपर्यंत पाणी उतरत जाणार. पौर्णिमेला गेलात तर सव्वाअकराच्या आसपास भरती, सकाळभर पाणी चढतंच राहतं, होडी आतपर्यंत मस्त जाते पण चिखल सगळा पाण्याखाली, आणि मुलांसाठी खरा माल तर त्या चिखलातच असतो! आम्ही अष्टमी-नवमीच्या दरम्यानची सकाळ धरली, आठ-साडेआठला होडीत, पाणी उतरायला लागलेलं पण होडी अडकेल इतकं नाही. (ओहोटी पूर्ण व्हायची वाट बघू नका, मग होडीवाले काका आत न्यायला तयारच होत नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं.)

दुर्बीण नेली होती. पाच वर्षांच्या मुलीला तिच्यातून फक्त स्वतःच्या पापण्या दिसल्या, भाच्याने थोडा वेळ उलट्या बाजूने बघितलं आणि ती परत पिशवीत गेली. पण काकांनी इंजिन बंद करून काठाला होडी लावली आणि चिखलात काहीतरी टुणकन उडालं. निवटी! खाताना बघितलेली, जिवंत पहिल्यांदाच. मासा असून पंखांवर रेटा देत चिखलात चालतो, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, आणि डोळे मधेच खाली खोबणीत ओढून ओले करून परत वर काढतो. हे डोळ्यांचं प्रकरण मुलांनी इतका वेळ बघितलं की शेवटी मीच म्हटलं, काका चला आता. शेजारीच ते एक नांगी भलीमोठी असलेले खेकडे. फक्त नरांनाच तशी नांगी असते आणि ती हलवून माद्यांना बोलवत असतात. भाचा म्हणाला, "आत्या, हा बसला हात दाखवतोय."

खारफुटीतल्या तिवराच्या झाडाचं पान तोडू नका, फांदी हाताशी आली तर नुसतं चाटून बघायला सांगा. खारट लागतं, झाड जादाचं मीठ पानातून बाहेर टाकतं. खाऱ्या पाण्यात झाड कसं जगतं हे मी घरी तीनदा समजावलं होतं, ते वाया, जिभेने दोन सेकंदात कळलं.

पक्षी दिसलेच की, बगळे, पाणकावळे, खंड्या, डोक्यावर ब्राह्मणी घार, आणि शेपूट सारखी वरखाली करत पळणारा तुतवार, जो हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येतो. पाणमांजरं आहेत तिथे पण आम्हाला दिसली नाहीत, काकांनी त्यांची माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा दाखवली, आणि खरं सांगू, पोरांना तीच जास्त आवडली. मगरींबद्दल मुलीने विचारलंच. कुंभारजुव्याच्या कालव्यात असतात म्हणाले, आणि तिकडच्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात हेही सांगितलं. त्यावर तिचा हात लगेच पाण्यातून आत आला, तोपर्यंत मी ओरडून थकले होते.

बाकी फुटकळ गोष्टी: नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, लहान मापाचं लाइफ जॅकेट आहे का ते आधीच फोनवर विचारा, टोपी न्या, आणि शू धक्क्यावरच करवून घ्या, खारफुटीत होडी थांबवायला जागा नाही.