यारा बेंडची वटवाघळं

आज मेलबर्न चांगलंच तापलं होतं, म्हणून भर दुपारीच कॅमेरा घेऊन यारा नदीकाठच्या यारा बेंड उद्यानात गेले. करड्या डोक्याच्या मोठ्या वटवाघळांची ही वसाहत २००३ साली शहरातल्या बॉटॅनिक गार्डनमधून इकडे हलवली गेली. उकाड्यात ती नदीवर झेपावतात, पोट पाण्याला घासतात आणि झाडावर परतून ओले केस चाटतात. पाणी पिण्याची त्यांची रीतच ही! शटरचा वेग १/२००० सेकंदावर नेला तेव्हा कुठे उडालेले थेंब फोटोत आले. मीटरभर पसरलेले पंख, मानेभोवती तांबूस केस, आणि डोळे काय बोलके!

आपल्याकडे वटवाघूळ म्हटलं की अपशकुन. इथेही लोक नाकं मुरडतात, याचं वाईट वाटतं. निलगिरीच्या फुलांचे परागकण रात्रीतून कितीतरी किलोमीटर नेणारा हा जीव! पारा ४२ च्या पुढे गेला की झाडांवरून मरून पडू लागतात बिचारी.

इथल्या मराठी मंडळींना कळकळीची विनंती: जखमी वटवाघूळ दिसलं तर हात लावू नका, लिसाव्हायरस या रेबीजसारख्या विषाणूचा धोका असतो, वन्यजीव बचाव पथकाला फोन करा. परसातल्या फळझाडांवर जाळी घालणार असाल तर ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या भोकांची नको, त्यात ती अडकतात. इथल्या व्हिक्टोरिया राज्यात तसा नियमच आहे.